अडीचशे अक्षरांत बसणारी माणसं

आमच्या नकाशाच्या हापिसात किस्से फोल्डरासारखे साठतात. एक उघडावा तर आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. मी तिथं खांब धरणारा माणूस. नायगावपासून जळकोटपर्यंत शेताशेतात खांब घेऊन उभं राहायचं, मशीन जागा टिपून घेतं, मग नांदेडला कम्प्युटरवर नकाशा निघतो. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं लांबलचक लिहिताच येत न्हाई, आणि तेच पुढं कामाला आलं.

नकाशे काढायची शबाना. मूळची धर्माबादची, बाप तिथं शिलाईकाम करतो. लई हट्टी पोरगी. साहेबांनी तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेलं. "शेतरस्ते अन् विहिरींचे साठ नकाशे लातूरला जमा करा. पावती आणली की तुम्ही पक्क्या. न्हाई तर राम राम."

"पावती आणते, सर," ती म्हणाली. बास, एवढंच.

* * *

पहिली अडचण स्वतः साहेबच. त्यांना फोल्डरांची बारशी करायची भारी हौस. 'नांदेड लातूर शेतरस्ते व विहिरी प्रकल्प'. त्याच्या पोटात 'सुधारित'. त्याच्या पोटात 'सुधारित अंतिम'. त्याच्या पोटात 'सुधारित अंतिम खरोखर अंतिम साहेबांनी पाहिलेले'. अशी उतरंड वाढत गेली, अन् एका सकाळी नकाशा सेव्हच होईना.

"काका, कम्प्युटर वरपासून खालपर्यंत सगळी नावं एका दमात वाचतो," शबानानं समजावलं. "अडीचशे अक्षरांच्या वर गेलं की थांबतो."

"तरी लई सोसलं की त्यानं," मी म्हणालो. "आम्ही मीटिंगमध्ये पन्नासालाच झोपतो."

साहेब मागंच उभे होते.

* * *

दुसरी अडचण तक्त्याची. नकाशामागं एक तक्ता असतो. त्यात रकान्याच्या नावाला जागा दहा अक्षरांची, ती पण इंग्रजी. मराठी अक्षर पाहुण्यासारखं मांडी घालून तीन-तीन जागा अडवतं. शबानानं 'विहिरीचा मालक' अन् 'विहिरीची खोली' असे दोन रकाने केले. दोन्हीचं उरलं नुसतं 'विह'. छापताना अदलाबदल झाली. कागदावर आलं : मालक, साठ फूट. खोली, ग्यानोबा.

तो कागद मी मुद्दाम जळकोटला नेऊन ग्यानोबाला दाखवला. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचला.

"मालक साठच हाय बघा," तो म्हणाला. "पण फूट न्हाई, वर्षं."

शबाना हसली न्हाई. तिनं साठच्या साठ तक्ते पुन्हा केले.

* * *

"आता नावं कापायचीच," ती म्हणाली. "काका, तुमचं रजिस्टर दाखवा."

माझ्या रजिस्टरात गावाला दोन इंग्रजी अक्षरं, विहिरीला आकडा, संपलं. इंग्रजी अक्षरं मी ट्रकच्या नंबरांवरून शिकलेलो. नायगाव NG, जळकोट JK. तिनं तीच पद्धत उचलली. कम्प्युटरात दोन अक्षरं, त्याचा अर्थ रजिस्टरात. साहेबांच्या सूचनांच्या फोल्डरला मी KK दिलं.

"हे KK काय हाय?" साहेबांनी विचारलं.

मी 'कटकट' म्हणायच्या आत शबाना बोलली, "कामाचे कागद, सर."

साहेब खूश. तेव्हापासून फोनवर स्वतःच सांगतात, "माझं सगळं KK मध्ये टाका."

* * *

शेवटी साहेब, शबाना अन् खांबासकट मी, असे तिघं लातूरला. तिथल्या मोठ्या साहेबांनी शबानाचा पेनड्राइव्ह घेतला आणि नकाशे आपल्या फोल्डरात उतरवायला लावले. बाहेरच्या फोल्डरला हापिसाचं अख्खं नाव. आतल्याला त्यांचं स्वतःचं : नाव, वडिलांचं नाव, आडनाव, दोन डिग्र्या, हुद्दा, विभाग. साठातले वीसच नकाशे उतरले.

"काम अपुरं आहे. पावती मिळणार नाही."

"नकाशे पुरे आहेत, सर," शबाना म्हणाली. "तुमचं नाव लांब पडतंय. बारीक केलं की सगळे येतील."

आमचे साहेब जोरात खोकले अन् म्हणाले, "सर, नावाच्या जागी नुसता एक आकडा लिहायला सांगू का?"

"तपासणी माझी. नाव माझंच पाहिजे."

"मग नुसतं आडनाव?"

"या हापिसात त्या आडनावाचे चौघं आहेत."

शबाना खुर्चीवरून हलली न्हाई. "पावती घेतल्याशिवाय मी जाणार नाही, सर." बोटं कीबोर्डवर तशीच.

मी दारात खांब धरून उभा होतो. म्हणालो, "साहेब, घरी आई काय म्हणून हाक मारते तुम्हाला?"

मोठ्या साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग खांबाकडं. मग दाराकडं, बाहेर कुणी ऐकून राहिलंय का ते बघायला.

"...गुंडू," ते म्हणाले.

शबानानं टाइप केलं. साठच्या साठ उतरले. मोठ्या साहेबांनी एकेक उघडून बघितला, पावतीवर सही केली, शिक्का मारला. तिनं पावती घडी करून पर्समध्ये ठेवली.

निघताना त्यांनी मला हळूच मागं बोलावलं. "काका, तेवढं कुठं लिहून ठेवू नका."

"न्हाई लिहीत, साहेब," मी म्हणालो.

जिन्यात शबाना माझं रजिस्टर उघडून उभी होती. GD, एवढंच लिहून तिनं पेनाला टोपण लावलं.