गॉगलवाला जवान

शिराळ्याचे आमचे फोटोग्राफर पूर्वी फौजेत होते. हिमालयात स्कीवरून बर्फाचे उतार उतरणाऱ्या जवानांचे फोटो त्यांनी काढलेले. तिथे गारठ्याने कॅमेरा अडायचा, म्हणून ते तो शर्टाच्या आत उबेला ठेवायचे. बाहत्तर सालच्या मे महिन्यातही ती सवय सुटली नव्हती. मी शाळेत शिक्षिका; शाळेच्या कामाला त्यांच्या स्टुडिओत गेले की आधी "कॅमेरा बाहेर काढा," म्हणायची.

एकदा कुंडलहून त्यांच्या पलटणीतल्या पोराची आई आली. पोरगा लय दिवस घरी आला नव्हता. भिंतीवर एकच बर्फातला फोटो होता. गॉगल, टोपी, मफलर, चेहरा कुठेच नाही.

"ह्यो माझा हाय का रं?"

"व्हय मावशी, त्योच."

"तरीच! बापावानी वाकडा हुबा हाय मुडदा!"

फोटो पदराखाली घेऊन ती हसत गेली.

मी विचारलं, "खरंच तिचा मुलगा?"

"न्हाई बाई, मी हाय. बर्फातला माझा तेवढाच फोटो हुता."