सफरचंदात मुरवलेलं मटण

जपानी गॅसच्या शेगडीत बर्नरच्या खाली मासे भाजायचा एक खण असतो. ड्रॉवरसारखा बाहेर ओढायचा, तळातल्या ट्रेमध्ये पेलाभर पाणी ओतायचं, जाळीवर मासा ठेवायचा आणि खण आत सारायचा. जाळ फक्त वरून येतो, त्यामुळे एक बाजू झाली की उलटायला उभं राहावं लागतं. जपानात, कोतो भागातल्या आमच्या नवव्या मजल्यावरच्या घरात पहिली दोन वर्षं मी त्या खणात चाळण्या आणि झाकण्या ठेवत असे. त्यात मटण भाजावं हे मला सुचलं ते बाबा येणार म्हणून.

नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टची दोन वर्षांची चार झाली होती. त्या काळात आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर पुण्या-मुंबईचे इंजिनिअर राहायला आले होते. लिफ्टमध्ये फोडणीचा वास यायचा. कचऱ्याच्या वेळापत्रकाची एक इंग्रजी प्रत फलकावर लागली होती, ती कोणासाठी हे न कळण्याइतके आम्ही भोळे नव्हतो. मुलगी सात वर्षांची. मी मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची.

आई गेली तेव्हा मी पोचले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दादाचा फोन शुक्रवारी संध्याकाळी आला, "आयसीयूत ठेवलंय, तू निघ." मी बॅग भरली, पासपोर्ट काढला, आणि मग लक्षात आलं. जपानबाहेर जाऊन परत यायचं तर पासपोर्टवर री-एन्ट्रीचा शिक्का लागायचा, आणि नवा व्हिसा झाल्यावर तो मी घेतलाच नव्हता. 'घेऊ पुढच्या आठवड्यात' असं तीन महिने म्हणत होते. शिक्का देणारं ऑफिस शनिवार-रविवार बंद. नवरा म्हणाला, "व्हिसा गेला तर जाऊ दे, परत काढू. तू जा." मीच म्हणाले, सोमवारपर्यंत काही होत नाही.

आई रविवारी दुपारी गेली. सोमवारी सकाळी मी त्या ऑफिसच्या रांगेत सगळ्यात पुढे उभी होते. पुण्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि बाबा दिव्याशेजारी सतरंजीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "आलीस? हातपाय धू." त्यानंतर त्या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

पंधरा महिन्यांनी ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे यायला तयार झाले. मला त्यांची माफी हवी होती. ती मागायची कशी हे ठाऊक नव्हतं, म्हणून मी ठरवलं की त्यांना मटण खाऊ घालायचं. वाचणाऱ्याला हसू येईल, पण आमच्या घरातल्या बहुतेक गोष्टी अशाच मिटल्या होत्या. रविवारी सकाळी सातला बाबा स्टीलचा डबा घेऊन मटणाच्या दुकानी जात. बँकेत आठवडाभर शब्द मोजून बोलणारा हा माणूस तिथे दुकानदाराशी तावातावाने भांडायचा, "मांडीचं दे, चाप वेगळे बांध, आणि चरबी कुणाच्या गळ्यात मारायची ते मला शिकवू नकोस." घरी आई वाटण वाटायची, आलं, लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची. चापांना, म्हणजे बरगडीच्या तुकड्यांना, मऊ पडायला वरून कच्च्या पपईचा कीस. रस्सा आईचा, पण चाप बाबांचे. ते मागच्या गॅलरीत कोळशाच्या शेगडीवर भाजत आणि पहिला चाप मला हाक मारून देत. आदल्या दिवशी कितीही मार खाल्लेला असो, त्या हाकेवर भांडण संपायचं.

तर मी मटणाच्या मागे लागले. आपल्यासारखं बोकडाचं मिळेना. एका मोठ्या दुकानाच्या तळघरात कोकराच्या मांसाचे जाड काप मिळाले. तिथे त्याला स्टेक म्हणत. पांढऱ्या ट्रेमध्ये, वर पारदर्शक कागद, वजन आधीच छापलेलं; भांडायला माणूसच नाही. शेजारी त्या देशाची शान असलेलं गाईचं मांस मांडलेलं असे. तिकडे मी मानसुद्धा वळवत नसे, न जाणो बाबांना पुण्यात बसून कळायचं. घरी येऊन आईचं वाटण लावलं तर कोकराचा उग्र वास आणि कोथिंबीर यांचं काही जमेना. कच्ची पपई तर त्या शहरात शोधून सापडली नाही.

आमच्याच मजल्यावर उत्तरेच्या होक्काइदो बेटाकडच्या एक आजी राहायच्या. त्यांच्या गावाकडे मेंढीचं मांस घरोघरी खातात. मी ट्रे घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले आणि माझ्या मोडक्या जपानीत म्हणाले, हे मऊ होत नाही. त्या आत गेल्या आणि एक सफरचंद घेऊन आल्या. सफरचंद आणि कांदा किसायचा, त्यात सोया सॉस, आलं, लसूण, थोडी साके म्हणजे तांदळाची दारू, तिळाच्या तेलाचे दोन थेंब. रात्रभर मुरवायचं. मटणाला सफरचंद! माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या खूप हसल्या. मी त्यात ठेचलेली हिरवी मिरची आणि भाजलेले धणे घातले, मासे भाजायच्या खणातून चाळण्या काढल्या आणि तीन रविवार तालीम केली. तिसऱ्या रविवारी नवरा न सांगता दुसऱ्यांदा वाढून घेता झाला, तेव्हा ठरलं.

बाबा ऑक्टोबरात आले. वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. पहिल्या रविवारी मी सकाळपासून गाणं गुणगुणत होते, असं नवरा अजून सांगतो. खणातून काप काढले, कडा खरपूस, मध्ये रस. पहिला बाबांच्या ताटात ठेवला. त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं.

"अगं, मी सोडलंय."

"काय सोडलंय?"

"मटण. काशीला सोडलं, तुझ्या आईचं सगळं करायला गेलो होतो तेव्हा. दादा बोलला नाही?"

काशीला गेलं की एक आवडती वस्तू सोडायची असते. आमच्या नात्यातले लोक शहाणे. कोणी पडवळ सोडून येतं, कोणी कारलं. माझ्या एका मामांनी तर सुरण सोडला आणि आयुष्यभर त्यागाच्या गोष्टी सांगितल्या. मी म्हणाले, "बाबा, कारलं सोडायचं होतं ना!"

"आवडती वस्तू सोडायची असते," ते म्हणाले, "मला दुसरं आवडतं काय होतं?"

दादाला ठाऊक होतं, वहिनीला ठाऊक होतं, पुण्याच्या बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांनाही ठाऊक असणार. दर रविवारी फोनवर मी 'जेवलात का' विचारत होते आणि बाबा 'जेवलो' म्हणत होते. काय जेवलात, हे मी वर्षभर विचारलं नव्हतं. मी ताट उचलून आत गेले आणि नळ सोडून रडले. मला वाटलं, हे काशीबिशी ठीक आहे, पण मला माझं उत्तर मिळालं. माझ्या हातचं त्यांना नको.

आठवडाभर मी वरण-भात, भाज्या, थालीपीठ असं करत राहिले आणि बाबांशी जरुरीपुरतं बोलत राहिले. राग कुणाचा होता, कुणावर निघत होता! त्यांनी मात्र घरातल्या कचऱ्याचा ताबा घेतला. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, मांसाचे ट्रे धुऊन वाळवून दुकानातल्या पेटीत नेऊन टाकायचे. बँकेतली शिस्त त्यांना निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी पुन्हा सापडली. नातीने त्यांच्याकडून कोणत्या वारी काय टाकायचं ते पाठ करून घेतलं.

पुढच्या रविवारी मुलगी हट्टाला पेटली, तिला तेच मटण हवं होतं. मी फणकाऱ्याने ट्रे काढला आणि, रात्रभर मुरवायला वेळ नव्हता म्हणून, ओट्याशी काप पातळ करायला लागले. बाबा दारात येऊन उभे राहिले. थोडा वेळ त्यांनी सहन केलं.

"अगं, उभं काय कापतेस? धाग्याच्या आडवं काप. चिवट होईल नाहीतर."

"तुम्हाला काय करायचंय, तुम्ही कुठे खाणार आहात?"

ते आत आले, माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि म्हणाले, "खायचं सोडलंय. करायचं नाही सोडलं."

त्यांनी सफरचंद किसलं, आलं किसलं, बाटलीतल्या सोया सॉसचा वास घेतला, नाक मुरडलं आणि ओतला. सोया सॉस खारट असतो हे त्यांना कोण सांगणार? चाखून बघायची सोय नव्हती, तेव्हा सवयीने त्यांनी वर मूठभर मीठही घातलं. दुपारी जेवताना मुलीने पहिला घास घेतला आणि ओरडली, "शोप्पाइ!" म्हणजे खारट. बाबांना अर्थ सांगावा लागला नाही. मी हसायला लागले, मग तेही हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग दर रविवारी हेच. चव घेता येत नाही म्हणून त्यांनी नातीला चव घ्यायला ठेवलं. मुरवणीत बोट बुडवून ती सांगायची आणि ते त्याप्रमाणे घालायचे. कोकराच्या वासावर ते धण्यांबरोबर बडीशेप घालायला लागले. एकदा वरचं सफरचंद आणि सोया करपून काळं झालं. तेव्हा ते शेजारच्या आजींकडे काळा काप बशीत घालून घेऊन गेले. एकाही सामाईक शब्दाशिवाय शिकून आले की मुरवलेलं सगळं भाजण्याआधी पुसून घ्यायचं, आणि राहिलेला रस वेगळा उकळून वरून लावायचा. आपल्याकडे वाटण पुसतं का कोणी? पण ते पुसत. खणापुढे स्टुलावर बसून, त्याच्या दर्शनी काचेतून आत बघत, उलटायची वेळ झाली की चिमट्याने उलटत. स्वतः दहीभात घेऊन आमच्यासमोर बसत आणि आम्हाला खाताना बघत. मी ताटातून मान वर करत नसे. मुलीला असलं काही नव्हतं. ताट पुढे करून "ओकावारी!" म्हणायची, म्हणजे आणखी वाढा, आणि ते वाढत.

एकदा मी विचारलं, "आईचं वाटण लावून बघायचं का? मी कोथिंबीर आणते."

"नको," ते पटकन म्हणाले. मग सफरचंद किसता किसता, "हे तिचं नाही, म्हणून करवतंय मला."

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारची गोष्ट, त्यांचं विमान मंगळवारी होतं. नवरा मुलीला घेऊन खाली सायकल शिकवायला गेला होता. बाबा स्टुलावर बसले होते, मी ओट्याशी कांदा चिरत होते. त्यांच्याकडे पाठ होती म्हणूनच मला बोलता आलं.

"बाबा, मी आईच्या वेळी नाही आले. शुक्रवारीच निघायला हवं होतं, हे म्हणत होते जा म्हणून. मीच थांबले. तुम्हाला माझा राग आहे का?"

खणात चरबी तडतडत होती. 

"आहे," ते म्हणाले.

मी वळले. ते काचेतून आतच बघत होते.

"ती शनिवारी दोनदा विचारत होती, निघाली का म्हणून. मी सांगितलं, निघाली. खोटं बोललो तिच्याशी. त्याचा राग आहे. थोडा तुझा, बराचसा माझा." त्यांनी खण ओढला, काप उलटला, पुन्हा आत सारला. "जाईल हळूहळू. तू विचारलंस ते बरं केलंस. ताटली दे, झालंय हे."

मी ताटली दिली. त्यांनी पहिला काप त्यात ठेवला आणि म्हणाले, "गरम आहे तोवर खा." मी तिथेच ओट्याशी उभी राहून, हाताने, डोळे पुसत खाल्ला. तसं मटण मी आयुष्यात पुन्हा खाल्लं नाही.

ते गेल्यावर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. किती वेळ मुरवलंस, सफरचंद कुठलं घेतलंस, आजी काय म्हणाल्या, नात किती खाते. मी सगळं सांगायचे. घरी बोलावलं तर म्हणायचे, येईन, थंडी कमी होऊ दे. दोन वर्षांनी, एका बुधवारी सकाळी फिरायला निघाले आणि फाटकापाशी बसले ते बसलेच. त्या वेळी माझ्या पासपोर्टवर शिक्का होता. तरी मी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

इतक्या रविवारी आम्ही बोललो, अर्धा अर्धा तास. त्यांचा तो थोडासा राग गेला की होता तसाच राहिला, हे मला माहीत नाही. मी फक्त मटण कसं झालं तेच सांगत राहिले.