शेडताईंचा नवा डोळा

दूध उतू जायच्या बेतात होतं, आणि शेडताई एक डोळा तळहाताने झाकून फ्रिजसमोर उभ्या होत्या.

“अगं सूनबाई, हा तर पांढरा आहे! मी आपली सायीच्या रंगाचा समजून पुसत होते.”

“आई, घेतला तेव्हापासून पांढराच आहे तो.” सुनेने धावत जाऊन गॅस बंद केला. “आणि डोळ्याला हात लावायचा नाही म्हणालेत डॉक्टर.”

“नव्याला कुठे लावलाय? जुना झाकलाय.”

गेल्या आठवड्यात एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि बाईंना जग जणू धुऊन मिळालं. तशा त्या आधीच रंगवेड्या. खोकी छापणाऱ्या छापखान्यात शाई जुळवायचं काम त्यांचं. गिऱ्हाइकाने सही केलेल्या नमुन्याशेजारी ताजा छापलेला पुठ्ठा धरायचा, शेड जुळली की त्यांनी मान हलवायची, मग मशीन पळणार. सुनेला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, “मुलगी गोड आहे. स्वेटरात मात्र पिवळा कमी पडलाय.”

पण लेकाने परवा जेवताना एक खडा टाकलाच. “आई, आता पुरे कर. तुझा एक डोळा एक सांगणार, दुसरा भलतंच. छापखान्याने भरवसा कुणावर ठेवायचा?” तेव्हापासून बाई हसता हसता मध्येच फोनकडे बघत. छापखान्यातून साधा फोनही आला नव्हता, हे सुनेच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

दूध गाळतागाळताच दार वाजलं. दारात छापखान्यातला मशीनमन. कोपरापर्यंत शाई, काखेत शिटांची गुंडाळी.

“ताई, मशीन उभं आहे हो! चहाच्या खोक्याचा निळा काही केल्या जुळत नाही. पिवळा टाकतोय, टाकतोय... आता पोपट व्हायचा बाकी आहे त्याचा!”

“तिला सुट्टी आहे,” न्हाणीघरातून ब्रशसकट लेक आला. सुट्टीबरोबर फेसही उडाला.

तोवर शेडताईंनी खिडकीपाशी टेबलावर जुना नमुना आणि ताजा छाप, दोन्ही शिटं पसरलीसुद्धा. नवा डोळा झाकला. “जुळलाय की!” जुना झाकला. “छे, कुठे जुळलाय!” पुन्हा नवा. “जुळलाय.”

“ताई, पाया पडतो, एक काय ते सांगा!”

बाई खाली वाकल्या. रंग सोडून त्या शिटांच्या कोऱ्या कडाच बघत राहिल्या. आणि एकदम टाळी वाजवली.

“अरे, नमुनाच पिकलाय! ही बघ कड. ताजा पुठ्ठा दुधासारखा, आणि हा कपाटात पडून पडून पिवळा झालाय. आपण दर खेपेला चांगल्या निळ्यात पिवळा ओतून म्हाताऱ्यामागे पळतोय!”

मशीनमनने एक डोळा मिटला. सुनेने मिटला. लेकानेही मिटला.

“तुझे दोन्ही धड आहेत रे, तू कशाला मिटतोस?” बाई म्हणाल्या आणि चौघं अशी काही हसू लागली की शेजारणीने खिडकी उघडून बघितलं.

“म्हणजे ताई, खोकं दर वेळी थोडं थोडं हिरवट होत गेलं?”

“आणि मी आपली ठीक, ठीक म्हणत मान हलवत गेले! माझ्या डोळ्यात तो नमुन्यापेक्षा जास्त पिकलेला पडदा, मला दिसणार काय कपाळ?” हसून हसून बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. “चोळू नका!” सून किंचाळली आणि रुमाल घेऊन धावली.

मशीनमनने शिटं गुंडाळली. “आता शाईचे रूळ धुऊन कोरा निळा लावतो. चहावाले दुपारी येणारच आहेत, नव्या नमुन्यावर सही घेऊ. फक्त...” तो ताईंकडे नाही, लेकाकडे बघत होता. “साहेब विचारत होते, शेड पास कोण करणार? ताई येणार, की दुसरं कुणी बघायचं?”

लेकाने ब्रश तोंडातून काढला. सुनेने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्याने फेसाबरोबर गिळलं.

शेडताईंनी रुमालाची घडी घातली.

“बाळा, मला आज दुपारी तासभर छापखान्यात जाऊ दे. काळा चष्मा लावून जाईन. नव्या डोळ्याने शीट बघण्यापुरताच काढीन.”