बाजार उठला की विसरायची भाषा

दोन्या ओलिवाने, म्हणजे आमच्या ओलिवाबाईने, चाळीस वर्षं शिपायांच्या वर्द्यांना इस्त्री केली. आमच्या सीमेवरच्या दाहाबोनमध्ये एखाद्या शिपायाची कॉलर पुठ्ठ्यासारखी उभी दिसली, तर ती तिच्या हातची हे शेंबडं पोरही सांगायचं. खळ ती घरीच करायची, कसाव्याचा कंद किसून, पिळून, निवळून. बाजारातल्या तयार खळीला नाक मुरडायची. एक सुरकुती राहिली तर शर्ट पुन्हा पाण्यात बुडवून पहिल्यापासून सुरू. मी भिंतीपलीकडे केळी तळून विकते. माझ्या तळणाचे शिंतोडे तिच्या दोरीवरच्या कपड्यांवर उडाले म्हणून आमची ओळख भांडणातून झाली, आणि पुढे मी तिच्या मुलाची माद्रिना झाले, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातात धरणारी दुसरी आई. माझी जीभ दिवसभर टाळूला लागत नाही आणि ती जवळजवळ मुकी. असं जमतं कधीकधी.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. शिपाई कपडे न्यायला आला, की ही मागच्या खोलीत. गठ्ठा मीच भिंतीवरून द्यायचा. मी एकदा म्हणालेही, "दोन्या, शर्टाशी लग्न लावता आणि आतल्या माणसाचं तोंड बघवत नाही तुम्हाला? एवढी कसली मिजास?" ती इस्त्रीचे निखारे फुंकत राहिली.

तिच्याबद्दल गावाने बोलावं असं काही नव्हतं. ओळखपत्रावर रंगाच्या रकान्यात 'इंदिया' लिहिलेलं होतं, माझ्याही आहे. म्हणजे आम्ही या बेटावरच्या मूळ आदिवासी 'इंडियन' लोकांपैकी, ज्यांच्यातला एकही माणूस चारशे वर्षांपूर्वीच शिल्लक उरला नव्हता. आमच्या देशात काळं कुणी नाही. काळे ते पुलापलीकडचे, हैतीचे. तसं आमच्याकडे म्हणतातच, काळेपणा प्रत्येकाच्या कानामागे असतो, पण कान वाकवून बघतो कोण? दोन्या ओलिवाचा जरा कानापुढे आला होता, इतकंच.

भाषेचंही तसंच. सोमवारी आणि शुक्रवारी पुलाचं फाटक उघडतं आणि पलीकडच्या बायका लसूण, जुने बूट, गाद्या घेऊन लोटतात. त्या दोन दिवशी आमच्या गावात क्रेयॉल, म्हणजे त्यांची भाषा, प्रत्येकाला येते. घासाघीस करता येते, शिव्या देता येतात, बाळंतिणीची चौकशीही करता येते. बाजार उठला की कुणालाच येत नाही. वेड घेऊन पेडगावला जाण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही, आणि गावात मीही आले.

दोन्या ओलिवाला मात्र बाजाराच्या दिवशीही येत नव्हती. मुलाला, एलादियोला, तिने कधी पुलाकडे फिरकू दिलं नाही. तो शिपायांत भरती झाला त्या दिवशी त्याच्या वर्दीला तिने तीनदा इस्त्री केली आणि मला म्हणाली, "बरं झालं. आता आपल्याला कुणी काही विचारणार नाही." मी म्हणाले, "तुम्हाला कोण काय विचारणार, दोन्या?"

एलादियो वाढत वाढत सार्जंट झाला. पलीकडून चोरून आलेल्यांना पकडायचं, जाळीच्या ट्रकात भरायचं आणि पुलावर नेऊन सोडायचं, हे त्याचं काम. माणूस वाईट नाही. आईच्या पायांना रोज तेल चोळायचा. क्रेयॉलचे त्याला चार शब्द येत. चल, बस, कागद, गप.

मग म्हातारीचं डोकं विस्कटायला लागलं. ऐंशी ओलांडली होती तिने. आधी नावं गेली, मग वार गेले. एका दुपारी मी भिंतीवरून डोकावले, तर ती थंड इस्त्री पाटावर फिरवत होती आणि बोलत होती. सलग, भरभर, मी आयुष्यात तिच्याकडून ऐकलं नव्हतं इतकं. आणि क्रेयॉलमध्ये. आमच्यासारखी बाजारातली मोडकी नव्हे. घरातली. लहान मुलगी आईशी बोलते तशी.

माझी आई मरताना एक गोष्ट सांगून गेली होती, ती मी तोवर तापातली बडबड समजत होते. एकोणीसशे सदतीस सालच्या ऑक्टोबरात आमच्या बाजूला राहणाऱ्या हैतीच्या माणसांना शिपायांनी कोयत्यांनी मारलं. हुकूम वरून आला होता. गावात त्याला 'कापणी' म्हणतात, शेतातल्या कामाला म्हणतात तसं, आणि त्यापुढे कुणी काही बोलत नाही. त्या सकाळी तोमासा नावाच्या परटिणीकडे एक शिपाई धुतलेला शर्ट न्यायला आला. दारात सहा वर्षांची एक परकी पोर उभी होती. तोमासाने तिच्या हातात इस्त्री दिली आणि म्हणाली, "ही माझी. कामाला घातलीय." पोरीने तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर तिथेच संपली असती. त्यानंतर पाऊणशे वर्षं तिने ते उघडलंच नाही, असं म्हणायला हरकत नाही. आणि मी तिला मिजासखोर म्हणाले होते.

हे नुसतं जुनं दुखणं असतं तर कुणी झाकलं नसतं. पण त्याच सुमाराला राजधानीतल्या कोर्टाचा निकाल आला. ज्यांचे आईबाप परदेशी आणि बिनकागदाचे, ते इथे जन्मले असले तरी इथले नाहीत, आणि हे मोजायचं थेट एकोणीसशे एकोणतीस सालापासून. गावात लोक एकमेकांच्या आजीची नावं आठवायला लागले. म्हातारीचं बोलणं एखाद्या कानावर गेलं, तर एलादियोची वर्दी, त्याच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण, सगळ्यांचे कागद, सगळंच पाण्यात. त्याच्या बायकोने, हासिंताने, सासूला मागच्या खोलीत ठेवलं आणि खिडकीला घोंगडी लावली. मला विचारलं, "माद्रिना, तुम्ही बाजारात असता. काय बरळतात हो या?"

"काही नाही गं," मी म्हणाले. "म्हातारपणाची बडबड. तिला काय अर्थ असतो?"

अर्थ होता. म्हातारीला दूध, पाणी, आई, हे सगळं त्या भाषेत हवं असायचं. आणि एलादियो ड्युटीवरून वर्दीतच थेट तिच्या खोलीत गेला, की ती भिंतीला चिकटून त्याला विनवायची. दादा, मी इथलीच आहे. दादा, मी कामाची आहे. मी भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकत होते. तो बिचारा समजायचा, तिला तहान लागली आहे. पाण्याचा पेला तोंडाला लावायचा आणि ती तो भीतीने घटाघटा प्यायची. मी काय केलं? केळी तळली. मला ती भाषा इतकी कळते, हे कळलं असतं तर लोकांनी माझ्याही आजीचं नाव विचारलं असतं, आणि मला ते सांगायचं नव्हतं.

तिला आंघोळ घालायला त्यांनी पलीकडची एक बाई ठेवली होती, मिर्लांद नावाची. हसरी, दणकट, तोंडाळ. तिला म्हातारी कळायची, ती उत्तर द्यायची, आणि म्हातारी तिच्या हातून बशीभर शिजवलेलं केळं खायची. त्या घरात तीन महिने शांतता होती. मग एकदा अंगणात कपडे पिळता पिळता मिर्लांद मोठ्याने म्हणाली, "मालकीणबाई, तुमच्या सासूबाई माझ्याहून छान बोलतात! माझी आजी अशीच बोलायची. कुठल्या गावच्या या?"

हासिंता पांढरी पडली. "माझी सासू इथली आहे. तू तुझं काम कर."

"मी कुठे काही म्हटलं? इथल्याच. माझी आजीपण इथलीच होती, पळेपर्यंत."

त्या शुक्रवारी मिर्लांद ट्रकात होती. एलादियोने स्वतः चढवली. मी माझी टोपली घेऊन पुलाकडे निघाले होते, तिने जाळीतून मला पाहिलं आणि क्रेयॉलमध्ये ओरडली, "मावशी, त्याला सांगा, तिच्या खोलीत वर्दी घालून जाऊ नको म्हणावं!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले, कळलं नाही असे. ट्रक गेला.

त्यानंतर म्हातारीने खाणं सोडलं आणि ओरडणं धरलं. घोंगडीतून आवाज बाहेर येत होता. शेवटी हासिंताने ठरवलं, हिला आपल्या बहिणीकडे डोंगरात ठेवायची, तिथे शेजार नाही. रविवारी भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, एलादियोने मित्राची पिकअप दारात लावली. आणि खाली उतरला तो कडक वर्दीत. टोपीसकट.

मला राहवलं नाही. "एलादियो, तो शर्ट काढ. साधा घाल."

"का?"

का ते सांगायला हवं होतं. "उकाडा किती आहे," मी म्हणाले.

तो माझ्या जवळ आला, आवाज खाली घेतला. "माद्रिना, इथून डोंगरापर्यंत पाच नाके आहेत. प्रत्येक नाक्यावर तोंड बघून उतरवतात. तिचं तोंड बघा, आणि ती काय बोलते ते ऐका. वर्दी नसेल तर माझ्या आईला माझीच माणसं ट्रकात घालतील." मग म्हणाला, "तुम्ही चला ना सोबत. तुम्ही बसलात तर ती गप्प राहील."

"उद्या बाजार आहे रे. पीठ भिजवलंय," मी म्हणाले. पीठबीठ काही भिजवलं नव्हतं. माझंही तोंड त्या पाच नाक्यांना दाखवायचं नव्हतं.

त्याने तिला उचलून गाडीत बसवलं, पुढे, आपल्या शेजारी. ती ओरडली नाही. हात मांडीवर ठेवून ताठ बसली, शाळेत बसतात तशी. तिला पाहून मला वाटलं, हिला सगळं माहीत आहे, हिने हे आधी पाहिलंय. गाडी वळली आणि मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ती तिथेच वारली. आजार असा काही नव्हता. नऊ दिवसांच्या प्रार्थना इथे दाहाबोनला झाल्या, सगळं गाव आलं, कॉफी प्यायलं. एवढी कष्टाळू, एवढी अबोल, अशी बाई पुन्हा होणे नाही, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणाले.

दहाव्या दिवशी दुपारी एलादियो माझ्या अंगणात आला. साधा शर्ट, बटणं वरखाली लावलेली. तळणीजवळच्या बाकावर बसला.

"माद्रिना, तुम्हाला कळते. माझ्याशी खोटं बोलू नका. ट्रकातून त्या बाईने तुम्हाला हाक मारली होती, मी समोरच उभा होतो."

मी हो म्हणाले. पन्नास वर्षांत बाजाराबाहेर पहिल्यांदा.

"गाडीत आई सगळ्या वाटेने एकच म्हणत होती. प्रत्येक नाक्यावर तर आणखी जोरात, माझ्या तोंडाकडे बघून. मी पाठ केलंय. विसरू नये म्हणून रोज म्हणतो." त्याने डोळे मिटले आणि त्या हुकूम सोडायच्या आवाजात, एकेक अक्षर वेगळं करत म्हणाला, "पितित म्वें से गाद. लाप वीन शाशे म." मग डोळे उघडले. "गाद म्हणजे शिपाई, ना? तेवढं ओळखता आलं. शिव्या देत होती का मला?"

मी चूल बंद केली. माझ्याकडे तेव्हाही एक खोटं तयार होतं, प्रार्थनेचं काहीतरी. ते तोंडापर्यंत आलंही. पण त्या बिचारीसाठी मी आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं.

"शिव्या नाहीत," मी म्हणाले. "ती म्हणत होती, माझा मुलगा शिपाई आहे. तो मला घ्यायला येईल."

त्याने मान हलवली, जणू नीट ऐकू आलं नव्हतं. मग विचारलं, "पण मी तर तिथेच होतो. कुणाला सांगत होती?"

"गाडी चालवत होता त्याला," मी म्हणाले.