सरळ केलेले फिन

बडोद्याला गोरव्याच्या एका फायबरच्या कारखान्यात मी ड्रॉइंगं काढायची, तेव्हाची ही गोष्ट. टाक्या, कूलिंग टॉवरच्या पंख्यांची पाती, असला आमचा माल. परदेशी ऑर्डरी नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि शेठनी कुठूनशी सर्फबोर्डची ऑर्डर उचलली. लाटेवर उभं राहून घसरत जायच्या फळ्या. त्या बनवायच्या कुठे, तर बडोद्यात!

नमुन्याची फळी आली. तळाला, मागच्या बाजूला तीन फिन, माशाच्या परांसारखे: एक मधोमध, दोन कडांना. मी फळी उलटी ठेवून काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि कपाळावर हात मारला. कडेचे दोन्ही फिन तिरके! पुढच्या टोकाकडे आत वळलेले, शेंड्याकडे बाहेर कललेले. तळही सपाट नाही, मध्ये किंचित खोलगट. आमचे आजोबा संस्थानात मोजणीदार. वाकडी रेघ म्हणजे आमच्या घरात पाप. मी ड्रॉइंगमध्ये फिन सरळ केले, खळगा भरला, खाली सही ठोकली आणि ऐटीत परदेशी गिऱ्हाइकाला फॅक्स केला: तुमच्या नमुन्यातल्या चुका आम्ही सुधारल्या आहेत.

माझा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात रेझिनचं काम करायचा. इथल्याच लालबागच्या तलावात पोहायला शिकलेला, पाण्याला न भिणारा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दोन खेपा करून तो नमुन्याच्या फळीवर उभं राहायलाही शिकला होता. आमची पहिली फळी तयार झाली तशी शेठ त्याला घेऊन ती पारखायला जीपने त्याच किनाऱ्याला निघाले.

"तिथे डावीकडे खडक आहेत ना रे?" आईने विचारलं.

"आहेत, पण वेळेत वळलं की झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इतक्या दिवसांनी, माझ्या फॅक्सचं उत्तर आलं. मी उभ्या उभ्या वाचलं. पूर्वी फळीला एकच मोठा फिन असे. ती स्थिर चाले, पण वळायला जड. मग दोन फिन आले. झटपट वळे, पण मोठ्या लाटेत मागून घसरे. म्हणून तीन. कडेचे मुद्दाम तिरके, म्हणजे एका बाजूला भार दिला की फळी वळते, आणि तळाचा खळगा पाणी त्यांच्याकडे नेतो. शेवटी लिहिलं होतं, कृपा करून काहीही सरळ करू नका, आणि केलं असेल तर ती फळी खडकांजवळ नेऊ नका.

धावत एसटीडी बूथ गाठला, त्यांच्या लॉजचा नंबर फिरवला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा मॅनेजर म्हणाला, ते तर सकाळीच दरियावर गेले.

"भाई, दोडीने जाओ, एमने रोको!" धावत जा, अडवा त्यांना, म्हणून मी अशी किंचाळले की बूथवाला उठून उभा राहिला.

मॅनेजर गेला की नाही, देव जाणे. पुन्हा फोन लागेना. दिवसभर मी टेबलावर बसून होते, समोर तोच गुण्या. डोळे मिटले की खडक दिसायचा. संध्याकाळी वाडीत घरी गेले. आईने विचारलं, तोंड का उतरलंय, तर डोकं दुखतंय म्हटलं. सांगू काय तिला, तुझ्या पोराला मी मारलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. तो उतरला. भुवईवर टाके, खांद्याला पट्टी. पण उतरला! मॅनेजर पोचला तोवर सगळं होऊन गेलं होतं. भाऊ अंग कलवत राहिला, फळी नाकासमोर खडकाकडे गेली, त्याने उडी टाकली. फळीचे दोन तुकडे झाले.

"छोकरा अजून कच्चा आहे," शेठ म्हणाले. भावाने मान डोलावली.

"कच्चा नाही तो," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "फिन मी सरळ केले."

"माहीत आहे ताई," भाऊ म्हणाला. "साच्यात बसवतानाच दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुझी सही होती ना खाली. म्हटलं, तू काढलंयस म्हणजे बरोबरच असणार."

त्याची भुवई महिन्याभरात भरली. पण आजही कुणी मला म्हणालं, ताई, तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार, की मी कागद परत मागून घेते आणि पहिल्यापासून तपासते.