चाळणीकडे पाठ

चाळणमावशी कामावर आल्या की चाळणीकडे पाठ करून बसत. माजिवड्याच्या आमच्या यार्डात पाच जाळ्या तिरक्या उभ्या असत, अकरा बायका फावड्यांनी त्यांवर माती फेकत, आणि त्या सगळ्यांची मुकादम असलेली ही बाई मात्र हायवेकडे तोंड करून, पालथ्या घमेल्यावर बसून निवांत मिश्री लावत असे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं, की ही नक्की साहेबांच्या कुणाच्या तरी ओळखीतली असणार. तेवढ्यात त्या मागे न वळताच ओरडल्या, "तीन नंबरची जाली फाटली गो, बंद करा!" मी जाऊन पाहिलं. तिसऱ्या जाळीच्या कोपऱ्यात दोन बोटं जातील एवढं भोक पडलं होतं.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. मी डोंबिवलीचा, डिप्लोमा नुकताच झालेला, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावणारा इंजिनिअर. आमचा ठेकेदार पाण्याची मोठी लाइन टाकत होता, माजिवड्यापासून खाडीपलीकडे कळव्याच्या वस्तीपर्यंत. चरातून निघालेली माती चाळून तीच पाइपभोवती भरायची असे. तिच्यात एखादा टोकदार दगड राहिला, तर वरच्या ओझ्यानं तो पाइपात घुसतो आणि पुढे कधीतरी लाइन फुटते. म्हणून एवढी चाळणी, आणि म्हणून मावशी.

मावशी कळव्याच्या खाडीकाठच्या कोळी घरातल्या. लहानपणी आईबरोबर सुकवलेला जवळा चाळताना शिंपल्याचा तुकडा चाळणीत उरला की त्यांना ऐकू येई म्हणे. "डोले लबाड असतात रे," त्या मला सांगत. "समोर बसलास की तुना पायजे तेच दिसतं. पाठ कर नि ऐक." मी पाठ करून बसायचो. मला फक्त हायवेवरचे ट्रक ऐकू यायचे, आणि त्या पदराआड हसायच्या.

माझ्या डब्याची त्यांना फार कीव येई. "तुझ्या डब्याला वासच नाय, आजारी मानसाचा डबा," असं म्हणून त्या भाकरीवर सुक्या बोंबलाची चटणी ठेवून माझ्यापुढे सरकवत. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. पण मी ती चटणी खाल्ली, आणि नंतर रोज दुपारी तिची वाट पाहू लागलो. घरी जाण्याआधी हात तीनतीनदा साबणानं धुवायचो. आईला शेवटपर्यंत कळलं नाही, किंवा कळलं असूनही ती बोलली नाही.

पुढच्या वर्षी काम वाढलं आणि जाळ्या कमी पडू लागल्या. मोठे साहेब म्हणाले, "पोकलेनला लावायचं चाळणीचं बकेट मिळतं म्हणे. तू बघ, तूच ठरव." मला आभाळ ठेंगणं झालं. मी माहितीपत्रकं मागवली. दोन प्रकार होते. एक पिंपासारखा, म्हणजे गोल जाळी गरगर फिरणार, माती खाली गळणार, दगड आत राहणार. दुसऱ्यात जाळीच नव्हती. बकेटच्या तळाशी दात्यांचे दांडे शेजारीशेजारी फिरायचे आणि ढेकळं फोडून माती खाली सोडायचे. पिंपाचा प्रकार मला सुटसुटीत वाटला. मशीन आलं की अकरा बायकांचं काम जाणार, हे मला माहीत होतं. म्हणून महिनाभर मी मावशींपुढे हा विषयच काढला नाही. दुपारची चटणी मात्र खात राहिलो.

एजंट पिंपाचं बकेट घेऊन दाखवायला आला तो मे महिना होता. यार्डातला कोरडा मुरूम त्यानं आत भरला आणि काय सांगू, दहा मिनिटांत चाळलेल्या मातीचा ढीग लागला. साहेब खूश झाले. मी सहीसाठी पेन काढलं. तेव्हा मागून मावशींचा आवाज आला, "साहेब, थोडं थांबा. आमच्या कलव्याची माती आनली हाय, ती घाला."

मशीनची खबर त्यांना केव्हाच लागली होती, आणि सकाळीच डंपरवाल्याला सांगून त्यांनी खाडीकाठच्या चरातली माती आणून ठेवली होती. काळी, ओली, चिकट, आणि आत दगड. ती आत गेली, पिंप पाच-सहा वेळा फिरलं आणि जाळीचं एकूण एक भोक लिंपून बंद झालं. आत नुसता गोळा गडगडू लागला. एजंट घाम पुसत म्हणाला, माती जरा वाळवून घातली तर चालेल. साहेब निघून गेले.

माझा पारा चढला. चारचौघींसमोर मी मावशींना म्हणालो, "मुद्दाम केलंत हे. तुमचं काम जाईल म्हणून मशीन पाडायला बघताय." आज हे लिहितानाही कान गरम होतात.

मावशींनी आवाज चढवला नाही. "मना मशीन नको असतं, तं मी गप बसली असती," त्या म्हणाल्या. "आज तू सही केली असतीस. खाडीकडं काम पोचलं असतं नि तुझं पिंप चिखल खाऊन बसलं असतं. मंग साहेबांनी आमालाच बोलावलं असतं, घ्या बायांनो फावडी. बोलून माझंच काम गेलं ना रे?"

मी पेन परत खिशाला लावलं. त्या पुढे म्हणाल्या, "माझी सून हंडा घेऊन दोन गल्ल्या जाते. हा पाइप आमच्या दारात येनार. त्याच्या अंगाला दगड लागलेला मना चालनार नाय. एजंटच्या कागदावर दुसरा दांड्यांचा बकेट हाय, तो आना. तो बी पयला आमची माती खाईल, मंग सही."

दांड्यांचं बकेट आलं. दोन दात्यांमधल्या फटीत मावशींनी दोन बोटं घालून पाहिली आणि मान हलवली. मग एजंटनं फट कमी असलेले दांडे बसवून आणले. त्यांच्यात एकच बोट गेलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "हां, आता घाला." आणि सवयीप्रमाणे पाठ करून बसल्या. काळी माती भुगा होऊन खाली पडू लागली. मध्येच त्यांनी हात वर केला. "दगड अडकला, उलटं फिरव." ऑपरेटरनं दांडे उलटे फिरवले आणि मुठीएवढा दगड सुटून वर आला. मी मुकाट्यानं सही केली.

त्यानंतर आठ दिवस त्या रोज ऑपरेटरला ऐकायला शिकवत होत्या. साहेबांनी अकरांतल्या चौघींना दगड वेचायला ठेवायचं ठरवलं आणि नावं मावशींना विचारली. त्यांनी चार नावं सांगितली. त्यांत त्यांचं नव्हतं. मी म्हणालो, "मावशी, आणि तुम्ही?" त्या म्हणाल्या, "एवढ्या धडधडीत माझा कान काय कामाचा?" हे साफ खोटं होतं. त्याच धडधडीत त्या आठ दिवस एकेक दगड ओळखत होत्या. पण त्यांनी स्वतःचं नाव घातलं असतं तर चौघींतली एक घरी बसली असती.

शेवटच्या दिवशी त्यांनी चटणीची बरणी माझ्या टेबलावर ठेवली. मला माफी मागायची होती. "येत जा मावशी," एवढंच तोंडातून निघालं. त्या गेल्यावर दुपारी डबा उघडला आणि त्याला खरंच कसलाही वास नव्हता.

पुढे माझी कल्याणच्या कामावर बदली झाली. पुढच्या रविवारी कळव्याला जाऊ, असं म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. अखेर एकदा पेढे घेऊन गेलो. विचारत विचारत घर सापडलं. सून दाराशी नळावर हंडा भरत होती. नाव सांगताच तिनं ओळखलं. "इंजनेर ना? आई लई बोलायची तुमचं. गनपती झाले नि गेली ती."

मी पेढ्यांचा पुडा दाराच्या पायरीवर ठेवला. सून सांगत होती, "पानी आलं की आई या पायरीवर बसायची. नळाकडं पाठ करून. मी इचारलं, बगत का नाय गो? तं बोलायची, माझ्या पोरानं घातलेला पाइप हाय, ऐकू दे मना."

तिनं हंडा उचलला, घरातून तांब्या आणला, नळाखाली धरला आणि भरून माझ्यापुढे केला. मी पायरीवर बसलो, नळाकडे पाठ करून. माफी मागायला गेलो होतो, आणि त्यांच्या घरचं पाणी पिऊन परत आलो.