थंड राहिलेली बॅटरी

फिलिपीन्समधल्या बुगियासच्या डोंगरांतून कोबी आणि गाजरे भरून ला त्रिनिदादच्या बाजाराकडे उतरणाऱ्या ट्रकवाल्यांत इंजिनावर जीव असणारे पुष्कळ होते. बॅटरीवर जीव असणारा एकटा आंतेरो दाम्पाक. ट्रकच्या कडेची लोखंडी पेटी उघडून तो वाकलेला दिसला, की माल भरणाऱ्या बायाही थट्टा जरा आवरती घेत. मी त्याचा शेजारी आणि त्याच्याच वयाचा. माझा कोबी त्याच्याच ट्रकने जाई, त्यामुळे ही पेटी मी अनेकदा पाहिली आहे.

पेटीत दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी असत. एकीचे टोक दुसरीला जोडलेले. दोघींचा जोर एकत्र आला तरच ते जाडजूड डिझेल इंजिन पहाटेच्या गारठ्यात हलते. आंतेरोचे शास्त्र थोडक्यात असे होते. दोघी एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणाव्यात. एक मेली तर दुसरी कितीही धडधाकट असो, दोघी बदलाव्यात. अधूनमधून त्यांच्या जागांची अदलाबदल करावी. टर्मिनलवरची हिरवट बुरशी गरम पाण्याने धुऊन ग्रीस लावावे. आणि कोणत्याही परिस्थितीत एकाच बॅटरीवरून तार ओढून रेडिओ वा पंखा लावू नये. कारण मग ती उपाशी राहते, आणि दुसरीला गरजेपेक्षा जास्त चार्जिंग मिळून ती उकळते.

"एकीच्या ताटातलं काढलंस," तो म्हणे, "की दुसरीला अजीर्ण झालंच म्हणून समज."

हे शास्त्र तो ज्याच्यासाठी वारंवार बोलून दाखवी तो त्याचा जावई, एल्मो. आंतेरोच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला होता. धुक्यात समोरचे वळण त्याला दिसण्याऐवजी आठवावे लागे. ट्रकची जादा किल्ली एल्मोकडे आधीच असे; कोबीचा हंगाम संपला की ट्रकच त्याच्या हाती द्यायचा, लेक लोरेता आणि जावई याच घरात राहतील, आपण पेटीपुरते उरायचे, असे त्याने ठरवले होते आणि ते आम्हा सर्वांना ठाऊक होते.

त्याच वर्षी मोठे वादळ झाले. दरड कोसळून रस्ता बंद पडला, वीज गेली आणि त्या अंधारातच रुफो गायासोची म्हातारी आई वारली. रुफो हा आंतेरोचा जुना सोबती. लोरेताच्या बाप्तिस्म्याला तोच धर्मपिता म्हणून उभा राहिलेला, त्यामुळे दोघे एकमेकांना 'पारे' म्हणत, आणि ते नाते आमच्याकडे सख्ख्या भावाहून तसूभर कमी धरत नाहीत. मयताच्या घरी दिवे हवेत, मंत्र म्हणणाऱ्या म्हाताऱ्यासाठी भोंगा हवा. ज्याच्या ट्रकला जे होते ते त्याने काढून दिले. आंतेरोने आपली जोडीच्या जोडी पाठवली.

"एक पुरे झाली असती, पारे," रुफो म्हणाला.

"एकटी नाही जायची ती. नेतोस तर दोघींना ने."

डुकरे कापली गेली, तापेयचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, रांजण रिकामे झाले, म्हातारीला माती मिळाली. मग रुफोने दोन्ही बॅटऱ्या पुसून, ग्रीसचा जाड थर चढवून, स्वतःच्या हातांनी आंतेरोच्या पेटीत बसवून दिल्या. आंतेरोने पेटीकडे पाहिलेसुद्धा नाही. मयताच्या घरून परत आलेली वस्तू आमच्या वस्तीत कुणी उलटीपालटी करून पाहत नाही. तो त्या घराचा अपमान होतो.

रस्ता खुला झाला आणि ट्रक रुसू लागला. सेल्फ मारला की इंजिन कण्हल्यासारखा आवाज करी आणि थांबे. पेटी उघडली तर एक बॅटरी तापलेली, तिच्यातले पाणी आटलेले, सडक्या अंड्याचा दर्प. दुसरी मात्र थंड, शांत, वरून स्वच्छ. आंतेरो तापलेलीत पाणी घाली. चार खेपा झाल्या की ती पुन्हा कोरडी.

चढावर माल भरण्याच्या जागी एकदा सगळ्यांनी मिळून ट्रक ढकलला, तेव्हा खांदा लावणाऱ्यांत रुफोही होता. धापा टाकत तोच म्हणाला,

"पारे, वाईट वाटून घेऊ नकोस. पण ही एकीवरून तार ओढल्याची लक्षणं आहेत. तूच शिकवलंस आम्हाला."

"कोण ओढणार तार? माझ्या ट्रकला?"

"मी कशाला नाव घेऊ? पण तुझ्या जावयाच्या केबिनमध्ये गाणी वाजतात, ती काय वाऱ्यावर वाजतात? हल्लीची पोरं. आपल्यासमोर 'हो तातांग, हो बाबा', पाठ फिरली की ठणाणा."

लक्षणे तंतोतंत जुळत होती, आणि त्यातच सगळा घात झाला. आंतेरोचे शास्त्र खरे होते. त्या शास्त्राचा हात धरून त्याला चुकीच्या दारात नेऊन उभे करणारा माणूस त्याच्या विश्वासातला होता. त्याने सीटखाली वाकून तार शोधली नाही. घरी जाऊन थेट एल्मोपुढे हात पसरला.

"किल्ली."

"का तातांग? झालं काय?"

"बॅटरी उकळतेय. तुझ्या गाण्यांपायी."

"माझ्या स्पीकरला त्याची त्याची बॅटरी आहे. घरीच चार्ज करतो मी. चला, सीटखाली वाकून बघा, दाखवतो."

"मला दाखवतोस? मी उभा जन्म घातला त्या पेटीत!"

एल्मोने लोरेताकडे पाहिले. लोरेता बापाकडे पाहत राहिली. किल्ली टेबलावर ठेवण्याचा आवाज मी माझ्या ओट्यावरून ऐकला. पुढच्या रविवारी दोघे सामान बांधून इतोगोनच्या खाणीकडे गेले. त्यांना निरोप द्यायला रुफो आला होता. त्याने धर्मकन्येच्या डोक्यावर हात ठेवला, आणि नंतर आंतेरोच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी घेत त्याची समजूत घातली: जावई तो जावई, त्याला मुलगा समजू नये.

मात्र एल्मो गेला, गाणी गेली, तरी बॅटरी उकळायची थांबली नाही.

याच सुमारास ट्रकवाल्यांत एक नवी थट्टा सुरू झाली. रुफोचा ट्रक सेल्फवर कधीच चालू होत नसे, म्हणून तो कायम उतारावर उभा केलेला असायचा. सकाळी ब्रेक सोडायचा आणि गडगडत जाऊन इंजिन जागे करायचे, ही त्याची जुनी रीत. आता तोच ट्रक भर सपाटीवर उभा राही.

"काय रुफो, उतार विकून टाकलास की काय?" कुणीतरी विचारले.

"म्हातारी वरून ढकलते रे त्याला," दुसरा म्हणाला. सगळे हसले. आंतेरोही हसला, मग त्याचे हसू मध्येच थांबलेले मी पाहिले.

तो घरी आला आणि मला हाक मारून म्हणाला, "जरा हात लाव. दोघींना खाली घ्यायचंय." आम्ही बॅटऱ्या काढून अंगणातल्या फळीवर ठेवल्या. त्याने काचेची नळी आणली. बॅटरीच्या प्रत्येक खान्यातले पाणी नळीत ओढायचे आणि आतला तरंगा किती वर येतो ते पाहायचे. तरंगा बुडाला तर तो खाना मेलेला. त्याला तरंगा नीट दिसत नव्हता, म्हणून वाचायचे काम माझ्याकडे आले. तापणाऱ्या बॅटरीचे सगळे खाने सारखे निघाले. बिचारी शाबूत होती. थंड असलेलीच्या पहिल्या काही खान्यांत तरंगा वर आला आणि नंतरच्या एका खान्यात तळाला जाऊन बसला.

"बुडाला," मी म्हटले.

"पुन्हा बघ."

"बुडालाच, आंतेरो."

त्याने फडके घेऊन तिच्या टर्मिनलवरचे ग्रीस पुसायला सुरुवात केली. नवी बॅटरी आणली की तो शिशाच्या खुंटावर खिळ्याने एक बारीक खूण ठोकत असे. तो अंगठ्याने त्या खुंटावर पुन्हा पुन्हा चाचपत राहिला. खुंट गुळगुळीत होता. कंपनी तीच, रंग तोच, पण बॅटरी परकी होती. तिच्यातला खाना मेलेला, म्हणून तिच्या वाट्याचे सारे चार्जिंग शेजारणीवर कोसळत होते आणि शेजारीण उकळत होती. आंतेरो मात्र इतके महिने त्या परक्या खुंटावर आपल्याच हाताने ग्रीस चोपडत आला होता.

रुफोच्या अंगणात तो माझ्याबरोबर गेला. रुफो गाजरे धूत होता. आंतेरोने काही आरोप केला नाही, फक्त म्हणाला, "पारे, तुझी पेटी उघड."

रुफोने हात पुसले. पेटी उघडली नाही. "तुला कळलं नव्हतं?" त्याने विचारले, आणि त्या आवाजात खोटेपणा होता की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. "मला वाटलं, तू केव्हाच ओळखलंस. माझ्या आईकडे बघून गप्प राहिलास. माझी एक मेली होती, पारे. हंगाम तोंडावर. तुझ्याकडे मागणार होतो मी."

"मग मागायचं."

"तू जोडी फोडली असतीस?"

"जोडी फोडली नसती. दोन्ही दिल्या असत्या तुला. हे तुला माहीत होतं."

रुफोने एक धुतलेले गाजर उचलून पुन्हा पाण्यात टाकले.

"बॅटरीचं जाऊ दे," आंतेरो म्हणाला. "मी एल्मोला घालवलं तेव्हा तू माझ्या घरात कॉफी पीत होतास. तार ओढल्याचं कुणी सांगितलं मला? लोरेताच्या डोक्यावर हात कसा ठेववला रे तुला?"

"एकदा बोलून गेलो. मग परत कसं फिरायचं ते कळेना."

रुफोच्या बायकोने आतून खुर्ची आणली. आंतेरो बसला नाही. ती बॅटरी परत घेऊन जा, असे रुफो मागून म्हणत राहिला. आंतेरोने नकारार्थी मान हलवली. इतके दिवस दुसऱ्याच जोडीदाराबरोबर राबलेली बॅटरी आता त्याच्या शास्त्रात बसत नव्हती.

इतोगोनला तो बसने गेला. धुक्यात त्या नजरेने एकट्याने जाणे धोक्याचे, म्हणून मीही बरोबर गेलो. खाणीजवळच्या पत्र्याच्या खोलीत एल्मो पाळीवरून येऊन पाय धूत होता. आंतेरोने सारे काही सांगितले, स्वतःची बाजू न घेता सांगितले, आणि किल्ली पुढे केली.

एल्मोने ती घेतली नाही. "रुफो काकांनी फसवलं तुम्हाला. तुम्हाला राग येणारच," तो शांतपणे म्हणाला. "पण ते तर परके, तातांग. सीटखाली वाकून बघा, एवढंच मी म्हणालो होतो. घरच्या माणसासाठी तुम्ही तेवढंही वाकला नाहीत."

"आता वाकतो."

"आता तिथं काय दिसणार?"

लोरेताने ताटलीत उकडलेली रताळी आणून ठेवली. बापाचे आवडते मीठही बाजूला ठेवले. जेवून जा, असे ती म्हणाली. राहा, असे म्हणाली नाही. आंतेरोने रताळे सोलले, खाल्ले, आणि किल्ली खिशात परत टाकली.

पुढच्या हंगामात त्याने दोन्ही नव्या बॅटऱ्या आणल्या, खुणा ठोकल्या, पेटीत बसवल्या. ट्रक पहिल्याच सेल्फला चालू झाला. इंजिन थोडा वेळ चालू ठेवून त्याने बंद केले. धुक्यातून चालवण्याएवढी नजर आता त्याच्याकडे उरलेली नव्हती, आणि पेटीत वाकायला दुसरे कुणी नव्हते. आमचा कोबी त्या वर्षी रुफोच्याच ट्रकने बाजाराला गेला. बाकीचे ट्रक आपापल्या मालाने भरलेले, आमच्यासाठी दुसरा मोकळा ट्रक नव्हता. माल भरताना आंतेरो आपल्या ओट्यावर बसून असे आणि रुफो त्याच्याकडे पाठ करून दोर आवळत असे.